उस्तादाची जिप्सी

गढवालमधल्या पोस्टिंगमध्ये मला एक जिप्सी भेटली. ती आपल्या मर्जीने वळायची. कोटद्वारहून दुगड्ड्यामार्गे लॅन्सडाउनला चढणारा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको, की त्या रस्त्यावर गाडीला स्वतःची मर्जी असणं परवडत नाही. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि समोरून येणारी बस रस्त्याचा मधला भाग आपलाच समजून येते.

गाडी होती आमच्या उस्तादाची. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. गढवाली, पलटणीतला एमटी हवालदार, आता निवृत्त. मी ईएमईचा. नवा क्राफ्ट्समन म्हणून त्या पलटणीबरोबर जोडला गेलो तेव्हा गाडी दुरुस्त करता येत होती, पण डोंगरात चालवता येत नव्हती. ते त्यानं शिकवलं. उतारावर ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेक हा शेवटचा उपाय, पहिला नाही. हे त्याचं वाक्य माझ्या किती तरी पोरांना मी पुढे जसंच्या तसं दिलं आहे.

नंतर नियंत्रण रेषेवर सुरुंगावर त्याचा डावा पाय गेला, गुडघ्याखाली. उजव्या खांद्यात छर्रे शिरले, त्यातले काही अजून आत आहेत. पाय बसवायला तो पुण्याला कृत्रिम अवयव केंद्रात राहिला होता. तिथून थोडं मराठी घेऊन आला. मला बघितलं की आजही "चालतंय की" म्हणतो आणि पाय टेकवून दाखवतो. मी आता सुभेदार, म्हणून तो मला "साहब" म्हणतो. ज्यानं हातावर फटका मारून क्लच शिकवला त्यानं साहब म्हटलं की कानाला बरं वाटत नाही, पण फौजेत ते बदलत नाही.

त्याचं गाव लॅन्सडाउनच्या खाली, मुख्य रस्त्यापासून आत. औषधासाठी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला जायचं तर जीपवाल्यांची विनवणी करायची, नाहीतर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं. हे त्याला सहन होत नव्हतं. ज्यानं तीस वर्षं इतरांना पोचवलं, तो मागे बसणार? म्हणून पुतण्यानं लिलावातून आलेली एक डिस्पोजलची जिप्सी घेतली आणि वर्षभर खपून काकासाठी तयार केली. बॉडी स्वतः ठोकली, रंग स्वतः मारला, सीटची उंची काकाच्या पायाच्या मापानं बसवली. पोरगं कष्टाळू आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढे त्याच्या कामाबद्दल बरंच काही येणार आहे.

गाडी दिसायला भारदस्त होती. मूळ गाडीपेक्षा चार इंच उंच. पुढचे-मागचे पाटे जास्त कमानीचे, शॅकल लांब, रुंद रिम, त्यावर जाड खाचांचे टायर. गावातली पोरं फोटो काढायला येत. उस्ताद मात्र तिसऱ्या फेरीनंतर चावी खुंटीला अडकवून बसला. त्याची तक्रार त्यानं फौजी पद्धतीनं तीन मुद्द्यांत सांगितली. वळणानंतर स्टिअरिंग सरळ परत येत नाही, ओढून आणावं लागतं. उतारावर ब्रेक लावला की गाडी एका बाजूला निघते. आणि खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हाताला असा झटका देतं की खांद्यातले छर्रे मोजता येतात.

गावाजवळच्या एका गॅरेजमध्ये तीनदा व्हील अलाइनमेंट झालं होतं. तीनही वेळा त्यांनी टो-इन बघितला, बरोबर आहे म्हणाले, पैसे घेतले. टो-इन म्हणजे दोन्ही पुढची चाकं वरून पाहिली तर पुढच्या बाजूला किंचित जवळ असणं. मी टेपनं मोजला, चार मिलीमीटर भरला. या गाडीला दोन ते सहा चालतो. म्हणजे गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता. त्याला सोपं होतं तेवढंच त्यानं मोजलं होतं.

रविवारी सुट्टी काढून मी गेलो. अंगणात सपाट जागा शोधायला गवंड्याची पाण्याची नळी आणली, चारही चाकांखाली फळ्या देऊन पातळी जुळवली. ओळंबा, दोरी, खडू, टेप आणि एक साधा कोनमापक. पुढच्या चाकांची भूमिती तपासायला एवढं पुरतं. मशीन लागतं ते वेळ वाचवायला.

आधी कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ धावते. तो झुकाव म्हणजे कॅस्टर. जिप्सीत चाक ज्या किंगपिनवर फिरतं ती किंगपिन वरच्या टोकाला मागे झुकलेली हवी, मूळ गाडीत सुमारे साडेतीन अंश. तिची रेषा पुढे वाढवली तर जमिनीला टायरच्या टेकण्याच्या जागेच्या थोडी पुढे लागते. म्हणजे टायर त्या बिंदूच्या मागून ओढला जातो, आणि ओढलेली वस्तू आपोआप सरळ होते. वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातून सरकत मधोमध येतं ते बरंचसं यामुळे.

किंगपिनच्या वरच्या टोपणावर कोनमापक ठेवला. साडेतीन सोडा, शून्यही नाही. उणे दीडच्या पुढे. किंगपिन पुढे झुकलेली. अशी गाडी सरळ चालायचं नावच घेत नाही. वळायला सुरुवात केली की आणखी वळायला बघते.

हे कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. या गाडीत पुढच्या पाट्याचं मागचं टोक पक्कं असतं आणि पुढचं टोक शॅकलवर झुलतं. शॅकल पन्नास मिलीमीटरनं लांब केला की पाट्याचं पुढचं टोक तेवढं खाली जातं. पाट्याची लांबी नऊशे मिलीमीटर धरली, तर पाटा आणि त्याला बांधलेला अ‍ॅक्सल तीन अंशांहून थोडा जास्त पुढे कलतो. साडेतीनातले तीन तिथेच गेले. कोणीतरी पुतण्याला सांगितलं होतं की उंची वाढवली की पाचर घालावी लागते. बरोबर सांगितलं होतं. त्यानं दोन अंशांची पाचर आणून अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मध्ये यू-बोल्टखाली बसवली, पण जाड बाजू मागे. या गाडीत पाटा अ‍ॅक्सलच्या खाली आहे, म्हणून जाड बाजू पुढे हवी. पाटा अ‍ॅक्सलच्या वर असता तर मागे हवी होती. मोबाइलवर ज्याचा व्हिडिओ बघितला त्याच्या गाडीत पाटा वर होता. बिचाऱ्यानं औषध बरोबर आणलं, दिलं उलट.

आणि उताराचं काय? ब्रेक लावला की चाक थांबू बघतं, अ‍ॅक्सलला मात्र चाकाबरोबर फिरायचं असतं. पाटे मऊ आणि जास्त कमानीचे असले की ते पिळवटतात, किंगपिनचं वरचं टोक आणखी पुढे जातं. शिवाय गाडीचं नाक खाली जातं, तो कल वेगळा. म्हणजे ज्या क्षणी गाडी सर्वात सरळ राहायला हवी, त्याच क्षणी उरलासुरला कॅस्टर संपतो.

पण गाडी एकाच बाजूला का जात होती? त्याचं उत्तर ड्रॅग लिंकमध्ये होतं. स्टिअरिंग बॉक्स चॅसिसवर असतो, चाक अ‍ॅक्सलवर, आणि दोघांमधला दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. चॅसिस वर गेली, अ‍ॅक्सल खालीच राहिला, म्हणून जो दांडा जवळजवळ आडवा असायचा तो तिरपा झाला. मी हिशेब पुतण्याच्या समोर अंगणात खडूनं मांडला. समजायला सोपे आकडे घेऊ. दांडा ८०० मिलीमीटर लांब, आडवा. चाक ५० मिलीमीटर वर आलं तर दांड्याचं टोक आडव्या दिशेनं दीड मिलीमीटरच्या आसपास सरकतं. आता तोच दांडा १०० मिलीमीटर उताराचा धरा. चाक तेवढंच ५० वर आलं, तर टोक ४.७ मिलीमीटर सरकतं. तिप्पट. नकलवरचा स्टिअरिंग आर्म दीडशे मिलीमीटर असेल तर पहिल्या हिशेबात चाक अर्ध्या अंशाच्या थोडं वर फिरतं, दुसऱ्यात जवळजवळ १.८ अंश. ड्रायव्हरनं स्टिअरिंगला बोटही लावलेलं नसताना.

१.८ अंश ऐकायला किरकोळ वाटतं. पण ब्रेक दाबून ठेवला की नाक खाली दबूनच राहतं, मग चाकही वळलेलंच राहतं. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलीमीटर. तेवढ्या कोनात गाडी सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाते. ताशी ३० किलोमीटरनं एका सेकंदात ती जवळजवळ अर्धा मीटर बाजूला सरकलेली असते. त्या रस्त्याच्या कडेला अर्धा मीटर म्हणजे काय, हे उस्तादाला खडूनं दाखवायची गरज नव्हती. धडका माणूस झटकन स्टिअरिंग ओढून सावरेल. ज्याचा उजवा खांदा धरतो, त्याला ते "झटकन" रोज जमेल याची खात्री कोणी द्यायची?

दाखवायचं म्हणून मी पुतण्याला स्टिअरिंग घट्ट धरून बसवलं आणि गावातल्या दोन पोरांना पुढच्या बंपरवर उड्या मारायला सांगितलं. पोरं खूश. दर उडीला पुढची दोन्ही चाकं एकदम फिरत होती आणि परत येत होती. उस्ताद काठी टेकून बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहब, ये तो ड्रायव्हर से पूछ ही नहीं रही है."

तिसरा मुद्दा झटक्याचा. किंगपिनची रेषा समोरून पाहिली तर आतल्या बाजूला झुकलेली असते आणि जमिनीला टायरच्या मध्याजवळ कुठेतरी लागते. त्या दोन बिंदूंमधलं अंतर कमी असलं तर खड्ड्याचा धक्का चाकाला वळवू शकत नाही. रुंद रिम बाहेर काढून बसवली की टायरचा मध्य बाहेर जातो, अंतर वाढतं, आणि दगडाच्या हातात लांब पान्हा दिल्यासारखं होतं. दिसायला रुबाब, हाताला मार.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसत घरी गेलो असतो. टायर बाहेर आल्यामुळे पूर्ण वळणात काही तरी घासत होतं, म्हणून कोणा वेल्डरनं स्टिअरिंग आर्म तापवून वाकवला होता. लाल करून, ठोकून, वर काळा रंग. रंगाखाली निळसर डाग दिसत होते. माझ्या अंगावर काटा आला. घडीव पोलादाचा तो तुकडा कारखान्यात ठरावीक उष्णतेचे संस्कार होऊन येतो. तो उघड्या आगीवर तापवला की त्याची ताकद किती उरली ते वरून कळत नाही. कळतं ते तुटल्यावर. स्टिअरिंगच्या कुठल्याही भागाला गॅस लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही. यावर माझ्या वर्कशॉपमध्ये चर्चा होत नाही, आणि त्या दिवशी अंगणातही मी होऊ दिली नाही.

आर्म वाकवल्यानं आणखी एक गोष्ट बिघडली होती, आणि ती मला मनापासून आवडते म्हणून थोडं विषयांतर. मुंबईच्या जुन्या व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल, वळताना पुढचा आख्खा आस फिरायचा, मधल्या एका खिळ्यावर. वळण तीव्र झालं की गाडीचा पुढचा आधार अरुंद होतो आणि ती कलंडायला बघते. म्युनिकच्या लँकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं त्यावर उपाय काढला: आस जागेवर, फक्त टोकांची चाकं वळायची. लंडनमध्ये त्याच्या वतीनं १८१८ मध्ये पेटंट घेतलं रुडॉल्फ आकरमननं, आणि नाव आकरमनचंच राहिलं. हा आकरमन म्हणजे ज्यानं ट्रफाल्गरला पडलेल्या अ‍ॅडमिरल नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ तयार करून दिला तोच. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं. फौजेत हे आपल्याला नवं नाही.

मुद्दा असा, की वळताना आतलं चाक लहान वर्तुळावर जातं आणि बाहेरचं मोठ्या. दोन्ही सारख्या कोनात वळली तर एकाला फरफटत जावं लागतं. जिप्सीच्या व्हीलबेसला, दोन्ही किंगपिनमधलं अंतर बाराशे मिलीमीटर धरलं, तर आतलं चाक ३० अंश वळताना बाहेरचं सुमारे २४ वळायला हवं. हे साधतं ते स्टिअरिंग आर्मच्या तिरकेपणातून. तोच वाकवला की हिशेब गेला. खडूच्या रेषा काढून मोजलं, आतलं ३०, बाहेरचं २९. हेअरपिन वळणावर टायर किंचाळायचे, आणि पुतण्याला वाटायचं नव्या टायरचा आवाज.

संध्याकाळी मी यादी दिली. मूळ मापाचे पाटे आणि शॅकल, मूळ रिम, अरुंद टायर, नवा आर्म, पाचर काढून टाका. थोडक्यात, वर्षभराची मेहनत परत खाली आणा.

पुतण्या उठून आत गेला. मला त्याचा राग समजत होता. त्यानं पैसे साठवून, रात्री जागून हे केलं होतं, आणि ते त्याच्या काकासाठी होतं, भाव खायला नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, उंची ठेवू, ड्रॅग लिंक दुसरी बसवू, कॅस्टर पाचरीनं आणू. चूक नव्हतं ते. बदललेला पिटमन आर्म, योग्य लांबीचा दांडा, योग्य पाचर असं करून उंच गाड्याही नीट चालवतात लोक. पण एकेक गोष्ट सुधारली की दुसरी कुठे तरी ढळते, आणि ज्याच्यासाठी गाडी आहे त्याला ती शर्यतीत न्यायची नव्हती. शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे की कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाही. उद्या काही झालं तर विमावाला आधी पाटे मोजेल. अपंगत्वाच्या सोयीसाठीचे बदल आणि परवाना यांचा मार्ग वेगळा आहे, तो आरटीओतून जातो, आणि त्या कामात हे चार इंच आडवे आले असते.

पुतण्या काकाकडे बघत राहिला. उस्ताद म्हणाला, "बेटा, मैं ऊपर बैठ के क्या देखूंगा? पहाड तो पैदा होते ही देख लिया था." त्यानंतर पोरगं तासभर बोललं नाही, पण दुसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा गाडी विटांवर चढवून त्यानं सगळं खोललेलं होतं. यू-बोल्ट नवे आणले होते, न सांगता. ताणून बसलेले यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं.

एक प्रश्न मात्र उरला होता, आणि तो कुठल्या पुस्तकातून सुटणारा नव्हता. कॅस्टर वाढवला की गाडी सरळ धावते, पण स्टिअरिंग जड होतं; प्रत्येक वळणाला तुम्ही गाडीला त्या झुकावाविरुद्ध ढकलता. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. उस्तादाच्या खांद्याला हलकं हवं, रस्त्याला पक्कं हवं. पुतण्याचं म्हणणं, पातळ पाचर घालून दोन अंशांवर ठेवू. मी तयार झालो नाही. वजन दुसरीकडून कमी करता येईल, सरळपणा दुसरीकडून आणता येत नाही. मूळ मापाचे पाटे बसल्यावर कॅस्टर सव्वातीन आला, तो तसाच ठेवला. मग हलकेपणाच्या मागे लागलो. किंगपिनची बेअरिंगं उघडली, आत वंगणाऐवजी गंजाचा चिखल. धुतली, एक बदलली, ग्रीस भरलं, नकलला ताणकाटा लावून किती जोरानं फिरतं ते दोन्ही बाजूंना सारखं केलं. टाय रॉडची दोन टोकं बदलली. अरुंद टायर, हवा पूर्ण. स्टिअरिंग बॉक्समधला ढिलेपणा काढला, पण अति घट्ट केला नाही. अति घट्ट बॉक्स मधोमध अडकतो आणि मग कॅस्टरही त्याला परत आणू शकत नाही. नवा आर्म बसल्यावर कोन पुन्हा मोजले, आतलं ३०, बाहेरचं २५ च्या आसपास. पूर्ण आकरमन गाड्यांमध्ये क्वचितच असतो, एवढं पुष्कळ.

शेवटी टो-इन. तो नेहमी शेवटी, कारण बाकी काहीही हललं की तो हलतो. चार मिलीमीटरच ठेवला. गॅरेजवाल्याचा आकडा, पण आता त्याच्या खाली काही तरी होतं.

ईएमईची टीम प्रात्यक्षिकात गाडी बघता बघता खोलून पुन्हा जोडून चालवून दाखवते, ते पाहून लोक टाळ्या वाजवतात. आम्हाला या एका अ‍ॅक्सलला पाच रविवार लागले. पाचव्या रविवारी उस्ताद चालवायला बसला. पुतण्या मागे, मी शेजारी. दुगड्ड्याकडे उतरताना त्यानं एका वळणातून बाहेर पडता पडता स्टिअरिंगवरची पकड सैल केली. ते त्याच्या तळव्यांतून सरकत मधोमध आलं. पुढच्या उतारावर त्यानं मुद्दाम ब्रेक लावला, गाडी रेषेत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चालतंय की." मग नेहमीच्या सवयीनं मला विचारलं, कुठल्या गिअरमध्ये आहोत सांग.

माझी बदली आली, आता मी राजस्थानात आहे, जिथे वळणंच नाहीत. पुतण्या तीन महिन्यांनी टायरचे फोटो पाठवतो, आतली कड, बाहेरची कड, शेजारी नाणं ठेवून. दोन्ही कडा सारख्या झिजताहेत. ते चार इंची पाटे त्यानं डेहराडूनच्या एकाला विकले. घेणाऱ्याला आधी अर्धा तास बसवून ड्रॅग लिंकचा हिशेब सांगितला म्हणे, अंगणात, खडूनं. भाव त्यामुळे थोडा पडला.